एमएला मोडी लिपी का नको?

महोदय,

मी पिंपळे सौदागरला नवव्या मजल्यावर राहतो. याच गावाच्या शेतीचा अभ्यास 1917 मध्ये प्रसिद्ध झाला होता, हे आमच्या सोसायटीत कुणाला खरं वाटत नाही! पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मान यांनी तो केला. 1771 मध्ये इथली सरासरी जमीनधारणा 40 एकर होती, 1915 पर्यंत ती 7 एकरांवर आली, असं त्यात दिसलं. जुन्या नोंदी कुणीतरी वाचल्या, म्हणूनच ही तुलना जमली.

पुढे 1930 मध्ये पुण्यात अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी गोखले संस्था निघाली, तिथल्या धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची पाहणी केली, 1971 मध्ये अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांनी देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला. परंपरा मोठीच.

आज काय? माझी पुतणी अर्थशास्त्रात एमए करते. घरच्या ट्रंकेत पणजोबांचं मोडीतलं, म्हणजे मराठीच्या जुन्या लिपीतलं, कर्जखत सापडलं. पोरगी हरखली, प्रबंधाला सावकारी हाच विषय घ्यायचं ठरवलं. मार्गदर्शक म्हणाले, "मोडीच्या नादी लागू नकोस, वर्ष फुकट जाईल. तयार आकडे डाउनलोड कर." तिनं तेच केलं. तिला तरी दोष कसा द्यायचा, मुदत डोक्यावर होती.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे, म्हणजे पेशवाईतल्या मोडी सरकारी कागदांचे, रुमालच्या रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आहेत. अर्थशास्त्राच्या एमएला एका सत्राचा मोडीचा ऐच्छिक विषय ठेवायला काय हरकत आहे? आमच्या कर्जखतातला व्याजाचा दर अजून कुणालाच वाचता आलेला नाही.

— एक वाचक, पिंपळे सौदागर