तोच माणूस, फक्त कव्हर वेगळं

डब्लिन, रविवार

प्रिय मावशी,

साष्टांग नमस्कार. काकांनाही सांग.

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला आणि म्हटलं याचं उत्तर फोनवर द्यायला बसले तर मध्येच कुकरच्या शिट्ट्या नाहीतर काकांचं "माझा चष्मा कुठेय" सुरू होणार, त्यापेक्षा लिहूनच पाठवते, निवांत वाच. म्हणजे चिऊच्या उशाशी ते गुलाबी फुलाफुलांचं इंग्रजी पुस्तक सापडलं, तू नेमकं नको ते पान उघडलंस, आणि आता तुला हे जाणून घ्यायचंय की ही पोरं हल्ली हेच वाचतात का आणि मीही इथे बसून असलंच वाचते का. हो, मीही असलंच वाचते, भरपूर वाचते. प्रेमकथा आणि खूनबिन. इथे लायब्ररीला फी नाही आणि २०१९ पासून उशिराचा दंडही बंद केलाय, त्यामुळे पाच उचलायची, दोन अर्धी सोडायची, कोणी विचारत नाही.

आधी एक, चिऊला ओरडू नकोस. आईने मला सगळं सांगितलंय, तुम्ही दोघी कॉलेजात असताना चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्या गादीखाली असायच्या आणि आजोबांची चप्पल वाजली की वर अकाउंटन्सीचं पुस्तक. त्याच काकोडकरांवर 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या कथेवरून अश्लीलतेचा खटला झाला होता, पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि १९६९ मध्ये कोर्टाने सोडलं त्यांना. हा वाद आपल्याकडे होऊन गेलाय गं. आता तर वाचणारेच पुस्तकांना मिरच्यांमध्ये मार्क देतात, एक मिरची म्हणजे नुसता हात धरला, पाच मिरच्या म्हणजे तू उघडलंस ते पान.

मला त्या पानांची काळजी नाही वाटत, मला दुसऱ्याच गोष्टीची वाटते आणि ती सांगायलाच लिहायला बसलेय.

चिऊचं पुस्तक कॉलीन हूवरचं 'इट एंड्स विथ अस' असणार, कव्हर तू सांगितलंस त्यावरून तेच. २०१६ चं आहे, पण लॉकडाऊनच्या सुमारास टिकटॉकवर पोरी ते वाचून कॅमेऱ्यासमोर रडायला लागल्या आणि मग ते जगभर धो धो खपलं. गोष्ट अशी की लिली नावाची मुलगी, बॉस्टनमध्ये फुलांचं दुकान काढते, तिला भेटतो राईल, न्यूरोसर्जन, देखणा, पैसेवाला, तिच्यावर फिदा. अर्ध्या पुस्तकापर्यंत तू पण म्हणशील काय जावई मिळालाय. आणि मग एक दिवस ओव्हनमधून भांडं काढताना त्याचा हात भाजतो, ती हसते, आणि तो तिला मारतो. लगेच सॉरी, लगेच रडणं, परत नाही होणार. परत होतं. शेवट सांगूनच टाकते कारण तू तशीही शेवटचं पान आधी वाचतेस, मुलगी झाल्यावर ती त्याला सोडते. हूवरने शेवटी लिहिलंय की हे तिच्या आईवडिलांच्या संसारावरून आलंय, आणि ते जाणवतं. भाषा मला सपाट वाटते, काही संवाद तर सिरियलमधले, पण एक गोष्ट तिने पक्की जमवलीय, वाचणारी लिलीसोबतच त्याच्या प्रेमात पडते, त्यामुळे "ही बाई आधीच का नाही निघून गेली" असं आपण सगळ्या जे पटकन बोलतो ते बोलता येत नाही. चिऊने हे वाचलंय तर उलट चांगलंय, फक्त एकदा चहा घेताना विचार तिला, तुला राईल कसा वाटला. तिचं उत्तर नीट ऐक.

कारण पुस्तकापेक्षा घोळ आहे तो ते विकण्यात. २०२३ च्या सुरुवातीला या पुस्तकाचं कलरिंग बुक काढायचं ठरवलं होतं. नवरा मारतो त्या गोष्टीचं रंग भरायचं पुस्तक!! लोक चिडले आणि मग ते गुंडाळलं, पण कुणाच्या तरी डोक्यात आलं होतं ना ते.

आता माझं जे काय मत झालंय ना इतकं वाचून ते हे, की हल्लीच्या प्रेमकथेतला हीरो आणि हल्लीच्या थ्रिलरमधला व्हिलन हा पुष्कळदा एकच माणूस असतो, बदलतं फक्त कव्हर. श्रीमंत, देखणा, कमी बोलणारा, तिने पत्ता न सांगता दारात येऊन उभा राहणारा, तिच्याशी कोणी हसून बोललं की जबडा आवळणारा (या सगळ्यांचे जबडे सारखे आवळलेलेच असतात, दाताचा डॉक्टर गाठायला हवा कोणीतरी). गुलाबी कव्हरवर हे असेल तर आपण अहाहा म्हणायचं, काळ्या कव्हरवर असेल तर पळ बाई पळ. 'डार्क रोमान्स' म्हणून तर वेगळाच प्रकार आहे, एच. डी. कार्लटनचं 'हाँटिंग अ‍ॅडलीन' म्हणून २०२१ चं पुस्तक, त्यात हीरो सरळसरळ तिचा पाठलाग करणारा, चोरून घरात शिरणारा माणूस आहे. सुरुवातीला लेखिका स्वतःच इशारा देते की यात काय काय आहे, तेवढा प्रामाणिकपणा तिच्यात आहे. मी अर्ध्यात सोडलं. माझी ऑफिसातली मैत्रीण म्हणते अगं ही फँटसी आहे, खऱ्या आयुष्यात कोण असला माणूस मागतंय, आणि तिचं बरोबरही आहे, मोठ्या बायकांनी काय वाचावं हे सांगणारी मी कोण. पण ते सोळा-सतराव्या वर्षी हातात पडणं वेगळं ना. हे चिऊला नको, सध्या तरी.

आणि मग दुकानांमधल्या त्या पाट्या. इथे डॉसन स्ट्रीटवर हॉजेस फिगिस म्हणून दुकान आहे, १७६८ पासूनचं, मला तिथे तासन्‌तास हरवायला आवडतं. पण हल्ली रोमान्स विकायची पद्धत काय तर गोष्ट काय आहे हे कोणी सांगतच नाही, नुसत्या पाट्या लावतात, फेक डेटिंग (जोडपं असल्याचं नाटक), एनिमीज टू लव्हर्स (आधी वैर, मग प्रेम), एकच पलंग, चिडका तो आणि हसरी ती, खानावळीबाहेर फळ्यावर आजचा बेत लिहितात तसं. अली हेझलवूडचं 'द लव्ह हायपोथेसिस' त्यातलंच, स्टॅनफर्डमधली पीएचडी करणारी मुलगी आणि खडूस प्रोफेसर, खोटं खोटं प्रेम. ते मुळात स्टार वॉर्सच्या पात्रांवर लिहिलेलं फॅन फिक्शन होतं म्हणे, नावं बदलून पुस्तक केलं. लेखिका स्वतः न्यूरोसायन्सवाली, त्यामुळे लॅबमधल्या गमती खऱ्या वाटतात. टाईमपास आहे, मजा येते, दोन दिवसांनी काही आठवत नाही. रिबेका यारोसच्या ड्रॅगनवाल्या पुस्तकांचं मात्र मला झेपलं नाही. तिचं 'ओनिक्स स्टॉर्म' गेल्या वर्षी जानेवारीत, म्हणजे २०२५ ला आलं आणि पहिल्याच आठवड्यात २७ लाख प्रती गेल्या, त्यामुळे माझ्या मताने तिला काही फरक पडत नाही.

पण प्रेमकथा म्हणजे हलकं असं म्हणणाऱ्या लोकांचा मला राग येतो. शेवट गोड होणार हे आधीच माहीत असतं म्हणून नाक मुरडतात, अरे मग डिटेक्टिव्ह गोष्टीत खुनी सापडणार हे पण माहीतच असतं की. एमिली हेन्रीचं 'बुक लव्हर्स' वाच तू, २०२२ चं. नोरा न्यूयॉर्कमध्ये लेखकांची एजंट, कामात बुडालेली, फटकळ. तुला ती गोष्ट माहितेय ना, शहरातला मुलगा गावी जातो, तिथली साधी गोड मुलगी भेटते आणि शहरातली फोनला चिकटलेली गर्लफ्रेंड गळते. नोरा ती गळालेली आहे. दरवेळी. मग तिची गरोदर बहीण तिला महिनाभर नॉर्थ कॅरोलायनातल्या छोट्या गावात ओढून नेते. प्रेमबिम आहेच, भरपूर आहे, आणि तो चार्ली आहे ना तो जबडा न आवळता तिच्याशी नुसतं बोलतो, तिच्या कामाची त्याला कदर आहे, आणि एवढ्यावर मी पाघळले. पण खरी गोष्ट दोघी बहिणींची आहे, आई गेल्यावर मोठीने धाकटीची आई व्हायचं ठरवलं आणि धाकटीला ते नकोसं झालंय. तुला आणि आईला दोघींना वाचायला लावणार आहे मी हे, भांडण झालं तर मला सांगू नका.

सॅली रूनीचं 'इंटरमेझो' इथलंच, २०२४ चं, डब्लिनचा वकील पीटर आणि त्याचा बुद्धिबळ खेळणारा धाकटा भाऊ आयव्हन, वडील नुकतेच गेलेत. बावीस वर्षांचा आयव्हन छत्तीस वर्षांच्या मार्गारेटच्या प्रेमात पडतो, ती नवऱ्यापासून वेगळी राहते, लहान गाव, लोक काय म्हणतील. लोक काय म्हणतील हा प्रश्न आयरिश माणसाला आपल्याइतकाच पडतो, हे इथे आल्यावर कळलं. या देशात घटस्फोटच मुळी १९९५ च्या सार्वमतानंतर कायदेशीर झाला, तोही काठावर. त्यामुळे मार्गारेटची भीती मला एकदम ओळखीची वाटली. पण तुला आधीच सांगते, रूनीबाई संवादांना अवतरणचिन्हं देत नाही, कोण बोलतंय ते आपलं आपण शोधायचं, काका तर पहिल्याच पानावर फेकून देतील.

आता थ्रिलर. 'द हाउसमेड' तुझ्या शेजारच्या काकू पण वाचतायत म्हणालीस, सगळं जग वाचतंय. लेखिका फ्रीडा मॅकफॅडन मेंदूच्या दुखापतींची डॉक्टर आहे, आणि हे टोपणनाव. तुरुंगातून सुटलेली मिली श्रीमंतांच्या घरी कामाला लागते, तिला माळ्यावरची खोली देतात आणि त्या खोलीला कडी फक्त बाहेरून. बाई विक्षिप्त, नवरा देखणा आणि समजूतदार. वर जे काय लिहिलंय मी देखण्या नवऱ्यांबद्दल ते लक्षात ठेवून वाच, पुढे बोलत नाही. एका रात्रीत संपलं माझं, सकाळी ऑफिसात डोळे चुरचुरत होते. आणि तरी मला ते आवडलं असं म्हणता येत नाही बघ. २०१२ ला 'गॉन गर्ल' आलं तेव्हापासून सगळ्यांना मध्यावर सगळं उलटंपालटं करायचंच असतं, पण गॉन गर्लमध्ये ती बाई कोण आहे हे कळल्यावर तिच्याबद्दल अजून वाचावंसं वाटतं. बाकीच्यांमध्ये धक्का बसला की संपलं, माणसं उरतच नाहीत. म्हणून माझी आता एकच कसोटी आहे आणि ती तुझ्यामुळे आहे, शेवटचं पान आधी वाचलं तरी पुस्तक उरतं का.

कॅथरीन रायन हॉवर्डचं '५६ डेज' या कसोटीला जवळजवळ उतरतं. डब्लिनमध्ये मार्च २०२० ला सुपरमार्केटच्या रांगेत दोघं भेटतात, लॉकडाऊन लागणार म्हणून तो म्हणतो माझ्याच फ्लॅटवर राहायला ये, ती जाते, आणि ५६ दिवसांनी तिथे एक प्रेत सापडतं. दोघंही एकमेकांपासून काहीतरी लपवतायत आणि ती तिथे राहतेय हे कोणालाच माहीत नाही. प्रेमकथा आणि थ्रिलर एकाच घरात, म्हणजे माझं सगळं भाषण तिने एका पुस्तकात लिहून ठेवलंय. तेव्हा इथे घरापासून २ किलोमीटरच्या पुढे फिरायला जायची बंदी होती, त्या रिकाम्या रस्त्यांचं वर्णन वाचताना पोटात कसंतरीच होतं.

लिझ न्यूजंटचं 'स्ट्रेंज सॅली डायमंड' २०२३ चं. सॅलीचे वडील गमतीने म्हणायचे मी मेलो की मला कचऱ्यासोबत बाहेर टाक, तिला गंमत कळत नाही, ते गेल्यावर ती खरंच तसं करायला जाते. सुरुवातीला हसू येतं, मग फार काळं होत जातं, लहान मुलीला पळवून कोंडून ठेवल्याचं आहे त्यात, मन घट्ट असेल तेव्हाच हातात घे.

पण तुझ्यासाठी माझं खरं पुस्तक म्हणजे टाना फ्रेंचचं 'द हंटर', २०२४. आधी 'द सर्चर' वाच, तिथून सुरू होतं. शिकागोचा रिटायर्ड पोलीस कॅल आयर्लंडच्या पश्चिमेला एका खेड्यात पडकं घर घेऊन राहतो, शेजारच्या डोंगरावरची ट्रे नावाची मुलगी त्याच्याकडे सुतारकाम शिकते. 'हंटर'मध्ये तिचा पळून गेलेला बाप अचानक परत येतो, सोबत एक इंग्रज आणि जमिनीत सोनं असल्याची थाप. पाऊस नाही, गवत वाळलेलं, सगळे चिडलेले. खून व्हायला खूप पानं जातात आणि मला काही घाई झाली नाही, कारण पबमध्ये बसून म्हातारे एकमेकांना जे टोमणे मारतात, चेष्टेचेष्टेत धमकी कशी देतात, अख्ख्या गावाला सगळं माहीत असून पोलिसांसमोर सगळे कसे आंधळे होतात, हे वाचताना मला आपलं गाव दिसत होतं, बिडीचा वाससुद्धा येत होता. आणि कॅल, मावशी! ट्रे त्याची कोणी नाही, तरी तिच्यासाठी तो काय काय करतो, आणि कुठेही तिच्यावर हक्क सांगत नाही. शेवटचं पान खुशाल आधी वाच.

ऑफिसातल्या एकीचे आईबाबा पुढच्या महिन्यात पुण्याला परत जातायत, त्यांच्याकडे दोन्ही टाना फ्रेंच आणि चिऊसाठी 'बुक लव्हर्स' देतेय. त्यात मिरच्या दोन-तीन आहेत, आधीच सांगून ठेवते. पुस्तकं कोथरूडला जाऊन घ्यावी लागतील, काकांना पाठव, पत्ता आईकडे देते. आणि ऑफिसातल्या त्या मुलीच्या भावाच्या हाती तुमच्या वाचनालयातल्या बाईंना विचारून मराठीत नवीन कोणी रहस्यकथा बरी लिहीत असेल तर दोन-तीन पुस्तकं पाठव, तो दिवाळीनंतर इकडे येतोय. धारपांची नकोत, ती आहेत माझ्याकडे.

तुझी,
मनू