‘अण्णा, जरा उजळ करा की!’

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या वर्णभेदावरचा लेख वाचला. कायदे, मोर्चे, निवडणुका सगळं त्यात आलं, फक्त कॅमेरा राहिला. बेळगावच्या शहापुरात ३४ वर्षं फोटो स्टुडिओ चालवतोय, तेव्हा ती बाजू मी मांडतो.

रोलच्या जमान्यात लग्नाचा ग्रुप फोटो धुऊन आला की नवरदेव झकास दिसायचा आणि मागच्या रांगेत उन्हात रापलेल्या मामाचे नुसते डोळे नि दात. आम्ही म्हणायचो, मामा काळाच, त्याला कोण काय करणार? खरी गोम पुष्कळ उशिरा कळली. कोडॅक कंपनी १९५० च्या दशकापासून रंग जुळवायला लॅबना एका गोऱ्या बाईच्या फोटोचं कार्ड द्यायची. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. शर्लीची कांती नीट उतरली की मशीन बरोबर! तिकडं शाळेच्या फोटोत गोऱ्या पोरांशेजारी बसलेल्या काळ्या पोरांचे चेहरे काजळीसारखे यायचे. आया तक्रार करायच्या. पण कंपनीतल्याच जुन्या लोकांनी पुढं सांगितलं की फिल्म सुधारायला जोर लागला तो चॉकलेटवाल्यांच्या आणि फर्निचरवाल्यांच्या तक्रारींचा. जाहिरातीत लाकडाचे रंग वेगळे ओळखू येत नव्हते म्हणे. वर्षानुवर्षं स्वतःचाच फोटो असा बघणाऱ्या पोराला आपण कसे आहोत असं वाटत असेल?

ही झाली फिल्मची खोड. जून १९९४ मध्ये मात्र हातानं केलेलं काम होतं. ओ. जे. सिम्पसन या खेळाडूला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. पोलिसांनी काढलेला त्याचा एकच फोटो ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांनी एकाच आठवड्यात मुखपृष्ठावर छापला. ‘न्यूजवीक’नं होता तसा, ‘टाइम’नं मुद्दाम काळवंडून. दोन्ही अंक स्टॉलवर शेजारी लागले आणि फरक सगळ्या देशानं बघितला. खटला अजून उभाही राहिला नव्हता.

मी उलटं करतो. स्थळासाठी फोटो काढायला आई-मुलगी येतात, मुलगी गप्प असते, आई म्हणते, ‘अण्णा, जरा उजळ करा की!’ मी करतो. पोट आहे. दोन वर्षांमागं वडगावची एक आई फोटो परत घेऊन आली. मुलाकडचे म्हणाले होते, फोटोत एक आणि समोर एक. चूक माझी, ऐकून घेतलं पोरीनं.

आणखी एक कबुली. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधार्थ आम्ही मराठी माणसं पाळतो त्या १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाचे, काळ्या पट्ट्या बांधलेल्या सायकल फेरीचे फोटो मी बाहेरच्या पेपरांना विकले आहेत. मुंबईहून फोन येतो तो ३१ ऑक्टोबरलाच. एरवी बेळगावचा मराठी माणूस काय करतो, हे कुणी विचारत नाही. आमची अमेरिकेतल्या काळ्या माणसांशी बरोबरी नाही, गुलामगिरी कुठं आणि सीमाप्रश्न कुठं! पण आपला एकच फोटो जगभर फिरला की कसं वाटतं, एवढं आम्हाला कळतं.

आता मुद्द्याचं. लेख चांगला होता, सोबतचा फोटो मात्र जळत्या गाडीसमोर धावणाऱ्या काळ्या तरुणाचा. त्याऐवजी गुलामगिरीविरुद्ध लढणारा काळा पुढारी फ्रेडरिक डग्लस चालला असता. हा माणूस गुलामीत जन्मला, १८३८ साली पळाला आणि पुढं आयुष्यभर हौसेनं नव्हे, ठरवून फोटोला बसला. १६० च्या वर फोटो, लिंकनपेक्षाही जास्त! कडक कोट, नजर रोखलेली, हसू जवळजवळ कुठंच नाही. गोरे चित्रकार काळ्या माणसाचं खिदळतं सोंग काढायचे, त्याला त्यानं दिलेलं हे उत्तर होतं. हे फोटो इतके जुने आहेत की कुणाची परवानगीही लागत नाही.

पुढच्या खेपेला त्यातला एक छापा. फक्त छपाईवाल्यांना शाई जपून सोडायला सांगा, आपल्या पाचव्या पानावर सावळ्या माणसाचा नेहमी डाग होतो.

आपला,
एक छायाचित्रकार, शहापूर, बेळगाव