मार्क चांगले आहेत म्हणून तो ठीक आहे असं धरू नकोस

प्रिय चिनू,

परवा तू रूममेटबद्दल विचारलंस तेव्हा मी वॉर्डात होते, "नंतर बोलू" म्हणून फोन ठेवला, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना म्हणून लिहायलाच बसले. लांबलचक होणारे हे, एका दमात वाचलं नाहीस तरी चालेल. तू म्हणालास तो रोज रात्री दारू घेतो, हल्ली सोबत झोपेच्या गोळ्यापण असतात, पण लेक्चर बुडवत नाही, मार्क तर तुझ्यापेक्षा जास्त, मग त्याला ॲडिक्ट कसं म्हणायचं?

आधी गोळ्यांचं सांगते कारण तेच सगळ्यात अर्जंट आहे. दारू आणि झोपेच्या गोळ्या दोन्ही मेंदूला सुस्त करतात, दोन्ही श्वास मंद करतात, आणि एकत्र घेतल्या की एकेकटं घेऊन जे झेपलं असतं तेही झेपत नाही. कधी तो हलवूनही जागा होत नसेल, श्वास अगदी हळू किंवा घरघर करत चालला असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर "झोपू दे, उतरेल" असं अजिबात करायचं नाही. ॲम्ब्युलन्स बोलवायची, कुशीवर वळवायचं म्हणजे उलटी घशात अडकणार नाही, आणि त्याला सोडून कुठे जायचं नाही. काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगायचं, तो उद्या चिडेल याचा विचार तेव्हा करत बसू नकोस.

आता मार्कांचं. अरे मार्क, नोकरी, इस्त्रीचे कपडे हे सगळं फार उशिरा ढासळतं. आधी झोप बिघडते, चिडचिड वाढते, जुने छंद गळतात, मित्र बदलतात, संध्याकाळचा प्लॅन कुठलाही असो "तिथे मिळेल का" हा प्रश्न मनात आधी येतो. हुशार मुलगा तर अजूनच उशिरा सापडतो कारण त्याला सांभाळून घेता येतं, कारणंही पटतील अशी देता येतात. आमच्याकडे येणाऱ्यांमध्ये व्यवस्थित नोकरी करणारे, हप्ते वेळेवर भरणारे भरपूर असतात, आणि घरच्यांचं एकच वाक्य असतं की अहो पण त्याचं सगळं नीट चाललं होतं.

हे होतं कसं ते समजून घे, म्हणजे त्याला नावं ठेवावीशी वाटणार नाहीत. डोपामाइनला सगळे आनंदाचं केमिकल म्हणतात पण ते अर्धवट आहे. ते मेंदूला सांगतं की हे महत्त्वाचंय, लक्षात ठेव, परत कर. १९९० च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने माकडांवर प्रयोग केले, त्यात सुरुवातीला ज्यूस मिळाला की डोपामाइनच्या पेशी उसळायच्या, पण माकड एकदा शिकलं की ज्यूसच्या आधी जो इशारा मिळायचा त्यालाच उसळायला लागल्या, ज्यूसला नाही. तलफ अशीच शिकली जाते बघ. ठराविक वेळ, ठराविक मित्र, टेन्शनचा एक मेसेज, आणि हातात काही यायच्या आतच मेंदू तयार होऊन बसतो. दारू आणि ड्रग्ज हा सिग्नल नेहमीच्या गोष्टींपेक्षा फार जोरात वाजवतात, मग शेजारी सतत मोठ्याने गाणी लावली की आपण खिडकी बंद करतो तसं मेंदूही आपली बाजू बंद करत जातो. तेवढ्यावर भागेनासं होतं, जास्त लागायला लागतं, ज्याला टॉलरन्स म्हणतात, आणि बंद खिडकीतून बाकीच्या छोट्या छोट्या गोष्टींची मजापण आत येईनाशी होते. मॅच, गप्पा, ट्रेक सगळं फिकं. शेवटी माणूस मजेसाठी घेतच नाही, नुसतं बरं वाटावं, हात थरथरू नयेत, झोप लागावी म्हणून घेतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं ऐश चाललीये.

सगळ्यांचं असं होत नाही हेही खरं, आणि फसायला होतं ते तिथेच. अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्व्हेत, १९९४ ला छापून आला होता, ज्यांनी आयुष्यात कधीतरी तंबाखू ओढली त्यातले साधारण एक तृतीयांश त्यावर अवलंबून झाले होते, दारूत तो आकडा १५ टक्क्यांच्या आसपास, गांजात ९ च्या आसपास. म्हणजे ग्रुपमधल्या बऱ्याच जणांना काहीच होणार नाही, आणि ज्याला होतंय त्याला वाटणार की हे सगळे तर ठणठणीत आहेत, मग मलाच काय होणारे. कोणाला होणार हे आधी कळत नाही. धोक्यातला साधारण निम्मा भाग आनुवंशिक असतो, बाकी कुठल्या वयात सुरू केलं, मनाला आधीपासून काय त्रास होता, कोणाच्या संगतीत आणि कसल्या परिस्थितीत राहतो यावर. तुमच्या वयात मेंदूचा पुढचा भाग, जो ब्रेक मारायचं काम करतो, तो पंचविशीपर्यंत घडतच असतो. आणि वस्तू जितक्या लवकर मेंदूत पोचते तितकी पकड घट्ट, सिगरेटचं निकोटिन काही सेकंदांत पोचतं, म्हणून "फक्त सिगरेटच तर आहे" हे वाक्य मला कधीच पटलेलं नाही.

परिस्थितीचं एक उदाहरण मला फार आवडतं. व्हिएतनाम युद्धात बरेच अमेरिकन सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते, सरकार घाबरलं की हे परत आल्यावर काय होणार. ली रॉबिन्स नावाच्या संशोधिकेने परतलेल्यांचा अभ्यास केला तर तिथे ॲडिक्ट झालेल्यांपैकी अगदी थोडेच घरी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा अडकले. ते युद्ध, ती भीती, तो कंटाळा, सहज मिळणारा माल, सगळं मागे राहिलं होतं. म्हणून त्याला "विल पॉवर नाही तुझ्यात" असं कधी म्हणू नकोस. तो झोपेसाठी घेतोय म्हणजे झोप का उडाली ते कोणीतरी विचारायला हवं.

मदत कधी घ्यायची? लोक म्हणतात अगदी तळाला गेल्याशिवाय माणूस सुधरत नाही. माझं स्पष्ट मत आहे की हे चुकीचं आणि धोकादायक आहे, कारण काहीजण तळातून वर येतच नाहीत. मी एकच गोष्ट बघते: माणूस स्वतःसाठी नियम करायला लागला का. फक्त वीकेंडला, फक्त बिअर, परीक्षेनंतर बंद, एकट्याने नाही. ज्याला प्रॉब्लेम नाही त्याला नियम लागत नाहीत. आणि ते नियम मोडून नवे व्हायला लागले की वाट बघण्यासारखं काही उरलेलं नसतं, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा. तपासायला जॉन ईविंग या डॉक्टरांचे चार साधे प्रश्न आहेत, कमी करायला हवं असं कधी वाटलं का, कोणी टोकलं तर राग आला का, घेतल्याबद्दल अपराधी वाटलं का, आणि सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागली का. दोन "हो" आले तर दाखवायला जायचं. २०१३ पासून मानसोपचारवाले ११ लक्षणं बघतात, वर्षभरात त्यातली दोन जरी असली तरी सौम्य आजार धरतात. म्हणजे बरबाद झालेलं असायलाच हवं अशी अट कुठेच नाही.

पण तू मित्र म्हणून जोशात येऊन त्याच्या बाटल्या ओतून देऊ नकोस हं, किंवा "आजपासून एकदम बंद" अशी शपथ घ्यायला लावू नकोस. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली तर पहिल्या दिवसातच थरथर, घाम, अस्वस्थपणा सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम, नसलेलं दिसणं, ताप, यात जीवपण जाऊ शकतो. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच, त्या हळूहळू कमी करत आणायच्या असतात. हे डॉक्टरांच्या देखरेखीत केलं तर बहुतेकांचं सुरळीत पार पडतं, त्यासाठी औषधं आहेत. हेरॉइनसारख्या गोष्टींचं वेगळं, तिथे सोडताना हाल होतात पण जास्त धोका नंतर असतो, शरीराची सवय गेलेली असते आणि माणूस जुन्याच डोसने परत सुरू करतो.

आणि डिटॉक्स, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीत असं सोडवणं, झालं की ट्रीटमेंट संपली असं नाही, ती तिथून सुरू होते. तलफ कमी करणारी औषधं, काउन्सेलिंग, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमससारखे दारू सोडू बघणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचे ग्रुप, ते १९३५ पासून चालू आहे, कोणाला काय लागू पडेल ते बघावं लागतं. परत घेतली तर घरचे डोक्याला हात लावतात, पण बीपी, दम्याची औषधं बंद करून परत त्रास झालेले पेशंटही आम्ही रोज बघतो, त्यांना कोणी ओरडत नाही. डोस बदलतात, परत सुरू करतात.

त्याच्याशी बोलायचं तर तो प्यायलेला नसताना, शक्यतो सकाळी, दोघंच असताना. "तू दारुडा झालायस" नको, जे बघितलंस तेच सांग, की काल तू उठत नव्हतास आणि मी घाबरलो. चिडेल, हसण्यावारी नेईल, ठीक आहे, आठवड्याने परत बोल. कॉलेजच्या काउन्सेलरकडे सोबत चल म्हणून विचार, जाऊन ये म्हटलं तर तो जाणार नाही. त्याच्यासाठी खोटं बोलणं, त्याची असाइनमेंट लिहिणं, पैसे देणं मात्र बंद कर. आणि त्याला बरं करायची जबाबदारी तुझी नाही, रात्र रात्र जागून पहारा द्यायला लागलास तर मला आवडणार नाही.

तू स्वतः किती घेतोस ते मी विचारत नाहीये. सांगावंसं वाटलं तर बाबांना नाही सांगणार. या आठवड्यात मला नाईट आहे, सकाळी आठनंतर फोन कर, आणि त्या गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव मला मेसेज कर, म्हणजे पुढे नीट सांगता येईल.

आई