ते डोंगर नव्हेत

प्रिय मित्रा,

तुझा फोटो मिळाला. काळा टी-शर्ट तुला शोभतो, पण फोटोखाली तू लिहिलेलं 'छातीवर डोंगररांग मिरवतोय' हे वाचलं आणि राहवेना. अरे, डोंगर कसले? टी-शर्टवरच्या त्या पांढऱ्या, वरखाली होणाऱ्या रेघा म्हणजे एका मेलेल्या ताऱ्याचे ठोके आहेत! आणि ते चित्र मुळात टी-शर्टसाठी केलेलं नाहीच. 'जॉय डिव्हिजन' या इंग्लिश बँडच्या 'अननोन प्लेझर्स' या १९७९ सालच्या पहिल्या अल्बमचं ते कव्हर.

गोष्ट सुरू होते त्याच्या बारा वर्षं आधी, केंब्रिजला. जोसलिन बेल ही पीएचडीची विद्यार्थिनी रेडिओ दुर्बिणीच्या यंत्रातून निघणारी कागदाची पट्टी डोळ्यांनी तपासायची, रोज जवळजवळ शंभर फूट. त्यात तिला एक बारीकसा, कशातच न बसणारा ओरखडा दिसला. दुसऱ्या कुणी तो सोडून दिला असता. तिने पिच्छा पुरवला, आणि आकाशातल्या एकाच जागेवरून दर १.३३७ सेकंदांनी रेडिओ लहरींचा ठोका येतोय हे उघड झालं. ठोका इतका नेमका, की परग्रहावरचं कुणी खुणावत नाही ना, अशी अर्धी थट्टेतली शंकाही घेऊन झाली. तो निघाला पहिला पल्सार. कोसळलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा स्वतःभोवती गरगरतो आणि दीपगृहाच्या झोतासारखा त्याचा रेडिओ झोत दर फेरीला आपल्यावरून जातो. (या शोधासाठी १९७४ साली नोबेल मिळालं ते तिच्या मार्गदर्शकाला, तिला नाही. आठवलं की अजून चिडचिड होते.)

पुढे अमेरिकेत, कॉर्नेल विद्यापीठात, हॅरल्ड क्राफ्टने आपल्या १९७०च्या प्रबंधासाठी याच ताऱ्याचे ऐंशी ठोके एकाखाली एक मांडले. एक ओळ, एक ठोका. रेघा एकमेकींत गुंतून काही कळेना, तेव्हा पुढच्या उंचवट्यामागे जाणारी रेघ दिसू नये अशी सोय त्याने संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये केली. म्हणून ते डोंगरांसारखं दिसतं. तेव्हा तू अगदीच चुकला नाहीस, जा, माफ केलं.

हे चित्र खगोलशास्त्राच्या एका ज्ञानकोशात छापलं गेलं आणि तिथे बँडवाल्यांच्या नजरेस पडलं. पीटर सॅव्हिल या डिझायनरने पांढऱ्यावरच्या काळ्या रेघा उलटवून काळ्यावर पांढऱ्या केल्या. बस, एवढंच. समोरच्या बाजूला ना बँडचं नाव, ना अल्बमचं. ज्यांना फारसं कुणी ओळखत नाही अशा पोरांनी बिननावाची तबकडी दुकानात ठेवायची, याला हिंमत लागते. क्राफ्टला तर आपलं चित्र असं जगभर फिरतंय याचा पत्ताच नव्हता. कुणा सहकाऱ्याने सांगितल्यावर त्याने दुकानात जाऊन रेकॉर्ड आणि पोस्टर विकत घेतलं म्हणे!

आता संगीताबद्दल. खरं सांगू? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते आवडलं नव्हतं. रिकाम्या इमारतीत कुणीतरी लांबवर गातंय असं वाटलं आणि मी ते बाजूला ठेवून दिलं. नंतर कळलं की खुद्द बँडमधल्या दोघांचीही तीच तक्रार होती. त्यांना स्टेजवरचा दणदणाट हवा होता, आणि निर्माता मार्टिन हॅनेटने ड्रम दूर नेऊन ठेवले, स्टुडिओतल्या लिफ्टचा आवाज घेतला, एके ठिकाणी तर काच फोडली. पण झोप न येणाऱ्या एका रात्री हेडफोन लावून पुन्हा ऐकलं, आणि जी पोकळी मला खटकली होती तिच्यातच मी जाऊन बसलो. तेव्हापासून उठलेलो नाही.

गायक इयन कर्टिस मे १९८०मध्ये गेला, स्वतःच्या हाताने, अवघ्या तेविसाव्या वर्षी. तेव्हापासून लोक या रेघांत त्याच्या हृदयाचा आलेख वाचतात. मला ते पटत नाही. कव्हर झालं तेव्हा तो जिवंत होता, गात होता, पोरांबरोबर हसत-खिदळत होता. आपलं दुःख आपण त्या चित्रावर मागाहून टाकलं.

मला त्यात दिसतं ते वेगळंच. टी-शर्ट काढून टेबलावर पसर आणि नीट बघ. दोन ठोक्यांमधलं अंतर कधी बदलत नाही, पण ऐंशीतली एक ओळ दुसरीसारखी नाही. एकीला मध्ये सुळका, दुसरीला दोन बुटके उंचवटे, तिसरी जवळपास सपाट. माझं या अल्बमशी असंच चाललंय. तीच दहा गाणी, तोच क्रम, पण गेल्या आठवड्यात लिफ्टची ती घरघर मला पहिल्यांदाच भीतीदायक न वाटता सोबतीसारखी वाटली. का, कुणास ठाऊक.

तू ऐक. दिवे मालवून, हेडफोन लावून, आणि कृपा करून मोबाइलच्या स्पीकरवर नको. पहिल्या खेपेला कंटाळा आला तर तसं बिनधास्त लिही, मी रागावणार नाही.

आणि हो, टी-शर्ट धुताना उलटा करून धू. ऐंशी ओळी आहेत, एकही पुसली जाता कामा नये.

तुझाच,
मी