नौकेच्या ट्रेलरचे टायर बदलण्यापूर्वी

संपादक महोदय,

पर्यटन हंगाम संपताना किनाऱ्यावरील सहलीच्या नौका ट्रेलरवरून हलवल्या जातात, तेव्हा झिजलेले टायर पाहून अनेक मालक नवे टायर बसवून मोकळे होतात. झीज नेमकी कुठे आहे, हे त्यांनी आधी पाहावे, अशी कळकळीची विनंती आहे. दोन्ही कडा झिजल्यास हवा कमी किंवा भार जास्त, मध्यभाग झिजल्यास हवा जास्त, हे बहुतेकांना ठाऊक असते. एकच कड झिजत असेल, तर मात्र दोन्ही चाकांना जोडणारा दांडा, म्हणजे अ‍ॅक्सल वाकल्याचा किंवा तिरका बसल्याचा संशय घ्यावा. ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या हूकपासून अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतचे अंतर टेपने मोजले, तरी तिरकेपणा उघड होतो. ठिकठिकाणी खोलगट चट्टे असतील, तर चाक जॅकवर उचलून हलवून पाहावे; ते डगमगले, तर चाक ज्यावर फिरते ते बेअरिंग सैल झाले असावे. प्रवासात तापलेला हब, म्हणजे बेअरिंग बसवलेला चाकाचा मधला भाग, नौका उतरवताना खाऱ्या पाण्यात बुडतो, आतली हवा आकुंचन पावून खराब सीलमधून पाणी आत ओढते, ग्रीस बिघडते आणि गंजलेले बेअरिंग सैल पडते. असे चाक भर घाटात निखळले, तर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा काय दोष? टायर विक्रेत्यांनीही जुना टायर ग्राहकासमोर ठेवून झिजेचे कारण समजावून सांगावे.

— एक वाचक, मालवण