सेडोनाला निघण्यापूर्वी

नाशिक,
दि. 9 जून 2024

चि. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या वैमानिकाच्या परवान्याचा फोटो आईने कॉलनीतल्या प्रत्येक घरी दाखवून झाला आहे. दूधवाल्यालाही तो पाहावा लागला. त्याच आनंदात तू जुलैच्या पहिल्या आठवड्यात तीन मैत्रिणींना घेऊन अॅरिझोनातल्या फीनिक्सहून सेडोनाला स्वतः विमान नेण्याचा बेत सांगितलास आणि मी नुसते "बरं" म्हणालो. ते तुला कोरडे वाटले असणार. फोनवर मी काही सांगू लागलो की तू "हो बाबा, हो बाबा" म्हणतेस आणि बोलणे तिथेच संपते, म्हणून एकतीस वर्षे लहान विमानांची देखभाल करण्यात घालवलेल्या माणसाला या बेताबद्दल जे वाटले ते सविस्तर लिहीत आहे.

लहान विमान पडले की लोक पहिला प्रश्न विचारतात तो इंजिनाबद्दल. आपल्या घरी आजीनेही तोच विचारला. प्रत्यक्षात अमेरिकेतल्या खाजगी विमानांच्या अपघातांचे अहवाल वर्षानुवर्षे हेच सांगत आले आहेत की, दर चारांपैकी साधारण तीन अपघातांच्या मुळाशी वैमानिकाची चूक असते, आणि जीवघेण्या अपघातांत सर्वांत मोठा वाटा असतो तो विमान हवेत असताना वैमानिकाच्या ताब्यातून सुटण्याचा. हे लिहिताना माझ्यासारख्या मेकॅनिकला थोडे हायसे वाटते, हे कबूल करतो. मात्र त्या चुकीतला बराचसा भाग इंजिन सुरू होण्यापूर्वीच, जमिनीवर, चहा पिता पिता घडून गेलेला असतो, आणि म्हणूनच मी तुला सेडोनाच्या आधीच्या दिवसाबद्दल लिहितो आहे.

सेडोनाचा विमानतळ समुद्रसपाटीपासून 4,830 फुटांवर, एका पठाराच्या माथ्यावर आहे. आपल्या पाचगणीच्या टेबल लँडवर धावपट्टी आखली तर जशी दिसेल तशी. जुलैतल्या दुपारी तिथे 35 अंश तापमान असेल तर हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी सुमारे 8,400 फुटांवर असल्यासारखीच असते. पंखाला कमी हवा, प्रोपेलरला कमी हवा, इंजिनालाही कमी हवा. समुद्रसपाटीला तुझे सेसना 172 ज्या वेगाने वर चढते, त्याच्या जवळजवळ निम्म्याच वेगाने ते तिथे चढेल आणि जमीन सोडायलाही कितीतरी जास्त धावेल.

आता वजनाचा हिशेब कर. तू भाड्याने घेतेस त्या विमानात माणसे, सामान आणि इंधन मिळून साधारण 870 पौंड बसतात. नेमका आकडा त्या विमानाच्या कागदपत्रांत असतो आणि तोच धरायचा. टाक्या पूर्ण भरल्या तर वापरता येणारे इंधन 53 गॅलन, म्हणजे सुमारे 318 पौंड. तुम्ही चौघी सरासरी 145 पौंडांच्या धरल्या आणि बॅगा मिळून 60 पौंड धरल्या, तरी बेरीज 958 होते. चार खुर्च्या आहेत म्हणून चार माणसे आणि भरलेल्या टाक्या, हे गणित त्या विमानात बसत नाही. इंधन कमी घेतले तर वजन मर्यादेत येईल, पण मर्यादेत असलेले विमान त्या उन्हात त्या पट्टीवरून सुखरूप वर चढेलच, याची हमी तेवढ्याने मिळत नाही. 11 एप्रिल 1996 रोजी वायोमिंगमधल्या शायेन इथे उंची आणि वजन दोन्ही नडले. सात वर्षांच्या जेसिका डबरॉफला घेऊन तिचे वडील आणि प्रशिक्षक देश ओलांडण्याच्या मोहिमेवर होते. विमानतळ सहा हजार फुटांहून उंच, विमान मर्यादेपेक्षा जड, समोरून वादळ येत असलेले, आणि पुढच्या मुक्कामी वार्ताहर वाट पाहत असलेले. पावसातच विमान उडाले आणि लगेच कोसळले, तिघेही गेले. वेळापत्रक पाळण्याच्या हट्टाने या निर्णयाला हातभार लावला, असे तिथल्या तपास यंत्रणेने स्पष्ट लिहिले आहे. तुमच्या सहलीला वार्ताहर नसतील, पण हॉटेलचे बुकिंग आणि मैत्रिणींनी दिलेली वर्गणी एवढेही पुरते.

इंधनाच्या बाबतीत मात्र मला माझीच गोष्ट सांगावी लागेल, कारण ती मी घरी कधी सांगितलेली नाही. तू दुसरीत असशील. मी तेव्हा ज्या क्लबात होतो, तिथे पावसाळ्यातल्या एका सकाळी एक शिकाऊ मुलगा उड्डाणापूर्वीची तपासणी करत होता. पंखाखालच्या निचऱ्यातून त्याने प्लास्टिकच्या पेल्यात इंधन काढले, उजेडाकडे धरले आणि स्वच्छ आहे असे म्हणून ओतून टाकायला निघाला. इंधनात पाणी असले की ते तळाशी थेंबासारखे वेगळे दिसते, मध्ये रेघ दिसते, हे त्याला शिकवलेले होते, आणि त्याला रेघ दिसली नव्हती. मी सहज तो पेला विमानाच्या पांढऱ्या पत्र्यासमोर धरला. विमानाचे पेट्रोल फिकट निळे असते. पेल्यात निळेपणा औषधालाही नव्हता आणि वासही नव्हता. रेघ दिसणार कुठून, पेलाभर नुसते पाणीच होते. रात्रीच्या पावसात टाकीच्या झाकणातून ते आत उतरले होते, कारण त्या झाकणाचे रबर चिरलेले होते, आणि आठ दिवसांपूर्वीच्या तपासणीत त्या रबरासमोर बरोबरची खूण करणारा हात माझा होता. ते विमान उडाले असते तर इंजिन कदाचित धावपट्टी सुटल्यावर दोनशे फुटांवर बंद पडले असते. त्या मुलाला मी काही बोललो नाही. तुला सांगतो ते एवढ्यासाठी की माझ्यासारखा मेकॅनिक सही करून गेला असला तरी झाकण उघडून स्वतः पाहायचे, पेला पांढऱ्या वस्तूसमोर धरायचा आणि वास घ्यायचा. विमानाचा वेग मोजणाऱ्या पिटॉट नळीतही डोकावत जा. कुंभारीण माशीला तिथे मातीचे घर बांधायला एक दुपार पुरते, आणि मग वेगाचा काटा खोटे बोलू लागतो.

पाण्यापेक्षाही साधे कारण म्हणजे इंधन संपणे. ऐकायला हास्यास्पद वाटते, पण 2011 ते 2015 या काळात अमेरिकेत इंधनाच्या नियोजनातल्या चुकांमुळे वर्षाला सरासरी पन्नासहून अधिक अपघात झाले, आणि त्यातले जवळजवळ निम्मे वैमानिक व्यावसायिक किंवा त्याहून वरच्या परवान्याचे होते. दोन टाक्यांपैकी एक भरलेली असतानाही इंजिन उपाशी राहू शकते. गायक जॉन डेन्व्हर 12 ऑक्टोबर 1997 रोजी मॉन्टरे उपसागरात पडले. त्यांच्या विमानात टाकी बदलण्याची खुंटी विमान बांधणाऱ्याने वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. तिथे हात पोहोचत नव्हता, हे त्यांना उड्डाणापूर्वी माहीत होते, आणि इंधन कमी असूनही त्यांनी ते भरून घेतले नव्हते. मागे वळून खुंटी फिरवण्याच्या खटपटीत विमानावरचा ताबा गेला. म्हणून डायलच्या काट्यावर विसंबू नकोस, टाकीत डिपस्टिक, म्हणजे मापाची काठी, बुडवून पाहा, आणि परत येताना किती इंधन लागेल याचा आकडा निघण्याआधी कागदावर मांड.

आता आकाशाबद्दल. अॅरिझोनातही मॉन्सून असतो, हे तू पहिल्या वर्षी मोठ्या नवलाने कळवले होतेस. तो आपल्यासारखा दिवसभर रिमझिमणारा नाही. सकाळ निरभ्र, दुपारनंतर ढगांचे मनोरे, सोसाट्याचा वारा आणि हबूब, म्हणजे धुळीचे वादळ. निघायचे ते सूर्योदयाला आणि परतायचे तेही दुसऱ्या दिवशी सूर्योदयालाच. "जेवून संध्याकाळी निघू" असे कुणी म्हणाले तर 16 जुलै 1999 ची संध्याकाळ आठव. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव, धाकटे जॉन केनेडी, पत्नी आणि मेव्हणीला घेऊन न्यू जर्सीहून मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघाले. सुमारे तीनशे तासांचा अनुभव होता, म्हणजे तुझ्या चौपटीहून जास्त. विमानात बिघाड नव्हता. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश, मध्ये धुरकट हवा. क्षितिज दिसेना आणि विमान वळत खाली चालले आहे हे शरीराला कळेना. इलिनॉय विद्यापीठाने 1954 मध्ये यावर एक प्रयोग केला होता. नुसत्या उपकरणांवर उडण्याचा अनुभव नसलेल्या वीस जणांना बाहेरचे काही दिसणार नाही अशा स्थितीत ठेवले, तेव्हा वीसही जणांचा ताबा सुटला आणि त्याला सरासरी 178 सेकंद लागले. तीन मिनिटेसुद्धा नाहीत. त्यांचे कान आणि स्नायू त्यांना सांगत होते की सारे सरळ चालले आहे. फीनिक्स आणि सेडोना यांच्या मधल्या वाळवंटात चंद्र नसलेल्या रात्री त्या समुद्राइतकाच काळोख असतो.

उतरतानाच्या शेवटच्या वळणाबद्दल तुझ्या प्रशिक्षकाने सांगितलेच असेल, म्हणून मी थोडक्यात लिहितो. पट्टीची रेषा ओलांडून विमान पुढे गेले की पाय आपोआप रडर, म्हणजे शेपटीचे सुकाणू, दाबू लागतो आणि हात नाक वर ओढू लागतो. सरळ उड्डाणात 50 नॉटला होणारा स्टॉल, म्हणजे पंखांची उचल सुटणे, 60 अंशांच्या वळणात 70 नॉटच्या आसपासच गाठतो, आणि पाचशे फुटांवर सावरायला जागा उरत नाही. वळण चुकले तर ते सुधारत बसू नकोस. सरळ वर चढ आणि फेरी पुन्हा घे. मैत्रिणी हसल्या तर हसू देत. आणि त्यांच्यापैकी कुणी "जरा खाली घे ना, व्हिडिओ काढते" असे म्हटले तर? 23 जून 1980 रोजी दिल्लीत संजय गांधींचे विमान कमी उंचीवर कसरती करताना पडले, तेव्हा मी देखभालीच्या अभ्यासक्रमाला होतो. दुसऱ्या दिवशी आमच्या मास्तरांनी फळ्यावर विमानाचे चित्र काढले, त्याखाली जमिनीची रेघ ओढली, मधल्या जागेत खडू टेकवून ठेवला आणि तासभर दुसरे काही शिकवले नाही.

तर माझे म्हणणे एवढेच की या खेपेला एकीलाच बरोबर घे आणि पहाटे नीघ. बाकीच्या दोघी मोटारीने येतील. फीनिक्सहून रस्त्याने दोन तास लागतात, म्हणजे तू तपासणी आणि हवामानाचे फोन उरकून निघेपर्यंत त्या कदाचित निम्म्या वाटेत असतील. तरीही चौघींनीच जायचे ठरले, तर थंडीत जा, आणि त्या आधी तिथल्या जाणत्या प्रशिक्षकाला शेजारी बसवून सेडोनाला एकदा उतरून ये.

आईने तुझ्या बॅगेत टाकलेला सामान तोलण्याचा काटा अजून असेल. बॅगा त्याला अडकवून पाहा. मैत्रिणींना वजन विचारायला संकोच वाटेल हे मला कळते. त्यांना सांग की नाशिकला आमचे एक म्हातारे मेकॅनिक आहेत, त्यांना आकडे कळवल्याशिवाय विमान सुटत नाही. आणि खरोखरच कळव.

तुझे,
बाबा