रिफ्लेक्टरला घरी हात लावू नका

मा. संपादक महोदय,

फोंड्यात गेली सव्वीस वर्षे मी गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो. पाऊस लागला की पाणी शिरलेले हेडलाइट गॅरेजमध्ये येऊ लागतात, आणि हल्ली त्यांतले बरेच घरी उघडलेले असतात.

यंदा जुलैत शिरोड्याचा एक मुलगा जुनी घेतलेली गाडी घेऊन आला. दोन्ही हेडलाइटमध्ये बोटभर पाणी. त्याने आईच्या ओव्हनमध्ये हेडलाइट तापवून काच सोडवली होती. आतली पट्टी काळी रंगवली, रिफ्लेक्टरवर, म्हणजे बल्बमागच्या आरशासारख्या भागावर, जिथे डाग दिसला तिथे क्रोम स्प्रे मारला आणि हॅलोजन काढून पांढरा एलईडी घातला. काच परत बसवताना जुनेच ब्युटिल (काच चिकटवायचा रबरी गोंद) वापरले, ते एका कोपऱ्यात धरले नाही.

मी रिफ्लेक्टर सोडवून त्याच्या हातात दिला आणि म्हटले, आत बघ. मूळचा थर शाबूत होता तिथे त्याला स्वतःच्या पापण्या मोजता आल्या असत्या. स्प्रे मारलेल्या जागी नुसता करडा रंग, चेहऱ्याचा मागमूस नाही. त्या आधी, आदल्या संध्याकाळी, गाडी भिंतीसमोर लावून मी डिपर, म्हणजे जवळचा, खाली पडणारा उजेड टाकला होता. भिंतीवर उजेडाची जी वरची कड स्वच्छ दिसायला हवी ती कुठेच नव्हती आणि उजेड शेजारच्या माडाच्या झावळ्यांपर्यंत चढला होता.

हे का होते ते लोकांना कोणी सांगत नाही. रिफ्लेक्टरवरचा ॲल्युमिनियमचा थर निर्वात यंत्रात चढवलेला असतो, केसाच्या जाडीच्या शेकडो पटींनी पातळ. धोतराच्या मऊ फडक्यानेही त्यावर ओरखडे उठतात. एचफोर या साध्या हॅलोजन बल्बमध्ये दोन तारा असतात, एक डिपरची आणि एक लांबच्या उजेडाची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग उजळतो आणि उजेड रस्त्यावर पडतो. रिफ्लेक्टरचा प्रत्येक वळसा त्या तारेची जागा धरून कोरलेला असतो. तार एक-दोन मिलिमीटर सरकली, किंवा तिच्या जागी वेगळ्या आकाराचा एलईडी आला, की सगळा हिशेब मोडतो. चालवणाऱ्याला समोर पांढरेफटक दिसते म्हणून तो खूश, आणि समोरचा आंधळा.

तो आंधळेपणा मी भोगला आहे. पहाटे साडेपाचला स्कूटरने मडगावला निघालो होतो. बोरीच्या वळणावर समोरून अशीच एक गाडी आली आणि तीन-चार सेकंद मला रस्ताच दिसेना. तेवढ्यात अगदी जवळून पोदेराच्या, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याच्या, भोंग्याचा पों-पों ऐकू आला, म्हणून मी ब्रेक दाबला. डोळे निवळले तेव्हा त्याच्या सायकलची पावांची टोपली माझ्या हँडलपासून हातभर अंतरावर होती. त्या माणसाने भोंगा वाजवला नसता तर काय झाले असते, हा विचार अजून रात्री झोपताना येतो.

पोरांची तक्रार खोटी नाही. पावसात ओले काळे डांबर उजेड गिळून टाकते, अनमोडच्या घाटात धुके उतरले की पुढचे वळण दिसत नाही, आणि जुन्या गाडीचा हॅलोजन मिणमिणतो. पण दोष बहुधा रिफ्लेक्टरमध्ये नसतो. त्या मुलाच्या गाडीत साधा बल्ब घालून मी मीटर लावला: बॅटरीवर 13.8 व्होल्ट, बल्बच्या पिनांवर 11.3. व्होल्टेज 10 टक्के घटले तर हॅलोजनचा उजेड जवळपास 30 टक्के घटतो. त्याचा निम्मा उजेड गंजलेल्या अर्थमध्ये (बल्बची वीज गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परतते त्या जोडात) आणि जुन्या स्विचमध्ये जिरत होता. जाड वायर, दोन रिले (स्विचवर भार न टाकता बॅटरीची वीज थेट बल्बला देणारे) आणि नवा अर्थ टाकल्यावर पिनांवर 13.3 आले. पिवळी पडलेली काच बाहेरूनच पाण्यासकट बारीक पॉलिश पेपरने घासता येते, वर उन्हापासून वाचवणारा यूव्हीचा थर मात्र द्यावा लागतो. त्यासाठी हेडलाइट उघडावा लागत नाही.

कायद्याचेही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंडाची पावती फाडून समोरच्याचे डोळे वाचत नाहीत. वाहतूक खात्याला माझी विनंती आहे की पीयूसीसाठी गाडी येतेच, तिथेच समोर एक भिंत रंगवून त्यावर रेघा आखाव्यात. दहा मीटरवर डिपरची कड दिव्याच्या मध्यापासून साधारण दहा सेंटिमीटर खाली आणि डाव्या बाजूला वर चढलेली दिसली पाहिजे. दोन मिनिटांचे काम आहे, यंत्र लागत नाही.

हे चवथीपूर्वी, म्हणजे गणेश चतुर्थीपूर्वी, सुरू व्हावे. त्या दिवसांत माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या) सामानाने डिकी भरलेली असते, गाडीचे मागचे अंग बसते आणि नीट लावलेला हेडलाइटही वर बघू लागतो. डॅशबोर्डवर तो खाली करायची छोटी चकती बऱ्याच गाड्यांत असते. माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी आठ जणांनी ती कधी फिरवलेली नसते, म्हणून गाडी देताना मी ती आता स्वतः फिरवून दाखवतो.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, फोंडा